कातळावरची चौथी पेटी

मे २००८, तिसरा शनिवार. हजर: मी, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला सुट्टीच्या दिवशी मदत करणारा सचिन, मूळचा लातूरचा, नोकरी हिंजवडीत, आणि जीपवाले शंकरराव. सामान: रेडिओच्या पाच पेट्या, सौर पट्ट्या, भोंगा, लॅपटॉप, दोरी, नट आवळायचे पाने आणि अकरा कामांची यादी.

सचिनला वाटेत नांदे गावात जीपमध्ये घेतलं. त्याच्या खोलीच्या एका अंगाला नांगरलेलं शेत, दुसऱ्या अंगाला विटांचे ढीग. पौड मागे टाकून धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. धाब्यावर पोहे खाल्ले आणि सामान पाठीवर घेऊन अर्धा तास चढलो.

वर भागूबाई आणि त्यांचे कारभारी यांचं घर आहे. शेळ्या, दोन म्हशी, उतारावर थोडी नाचणी. गेल्या पावसात घरामागच्या डोंगराला भेग पडली. दरड खाली आली तर घरावरच येईल, आणि घरातून भेग दिसत नाही. मध्ये डोंगराचा खांदा आहे. म्हणून आम्ही गेलो होतो. भेगेजवळच्या तीन पेट्या माती किती भिजली, किती कलली हे मोजणार. चौथी ओढ्यापलीकडून ते आकडे उचलून घरावरच्या पाचवीला देणार. घमेली हातोहात पुढे सरकवतात, तसंच. माती सरकू लागली की घरावरचा भोंगा वाजेल आणि माणसं, जनावरं बाहेर पडतील.

दुपारपर्यंत नऊ कामांवर रेघ मारली. मध्ये एका शेळीने पेट्यांवर चिकटवायचे आकडे खाल्ले, ते खडूने लिहिले. चौथ्या पेटीसाठी ओढ्यापलीकडचं ऐनाचं झाड निवडलं होतं. सरळ, उंच, फांद्या छाटलेल्या. तिथून भेगही दिसत होती आणि घरही. पेटी बांधली, सचिनने लॅपटॉप उघडला. आकडे धडाधड येऊ लागले. मी दहाव्या कामावर रेघ मारली.

भागूबाई शेळीच्या दुधाचा चहा घेऊन ओढा ओलांडून आल्या. झाडाकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या.

“ह्यो ऐन आमीच खांडलाय, राबासाठी,” त्या म्हणाल्या. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या-पाला पसरून जमीन भाजतात, तो. “आता बोडका दिसतुया. आखाडात (आषाढात) बगा, लई पाला. पल्याडचं घर न्हाई दिसायचं.”

सचिनने माझ्याकडे पाहिलं. ओला पाला रेडिओला भिंतीसारखा अडवतो हे आम्हा दोघांना पाठ होतं. पण या झाडाच्या फांद्या कोणी, कशासाठी छाटल्या आणि पावसात त्या पुन्हा फुटतील का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. ज्या महिन्यांसाठी भोंगा बसवायचा, नेमक्या त्याच महिन्यांत तो मुका राहिला असता.

मी विचारलं, कारभारी पावसात वर शेळ्यांमागे असले आणि काही सांगायचं झालं, तर तुम्ही काय करता?

“घरातनं हाळी (लांबून मारलेली हाक) पोचत न्हाई. त्या कातळावर जाते. तितनं वरबी ऐकू जातंय आन् घरीबी.”

“भर पावसातसुद्धा?”

“मग? पावसातच तर काम आसतं.”

म्हणजे चौथी पेटी कित्येक वर्षं चालूच होती. पायाने ओढा ओलांडून जात होती, इतकंच.

कातळ झाडापासून शंभरेक पावलांवर. एकही झाड नाही, दोन्हीकडे मोकळी नजर. मी पेटी डोक्यावर धरून उभी राहिले, सचिनने आकडे बघितले आणि होकारार्थी मान डोलावली. पण उघड्या कातळावर पेटी कशाच्या आधाराने बांधायची? लोखंडी खांब हवा, आणि तो रोवायला खडकात भोक. आमच्याकडे दोरी होती.

पेटी तूर्त ऐनावरच ठेवली. भोंगा वाजवून पाहिला. एका म्हशीने दावं तोडलं, कारभाऱ्यांनी ती शांतपणे परत बांधली. निघताना नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. मी म्हटलं, मृगाआधी येऊन खांब रोवते.

“या,” भागूबाई म्हणाल्या. “न्हाई जमलं तर आमी हावोतच वरडायला.”

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते परतीच्या वाटेवर डोक्यातून जाईना. धरणाचं पाणी तळाला गेलेलं, काठाची लाल माती उघडी. शंकरराव कोळवणच्या फाट्यावर चहाला थांबले, तिथे मी यादी पुन्हा काढली. माझ्या यादीत कामापुढे ‘कोण करणार’ असा रकाना असतो. ‘आजवर कोण करत होतं’ असा रकाना मी कधीच आखला नव्हता. आता आखला.

दहाव्या कामावरची रेघ खोडली. घरी येऊन दहा दिवस झाले. खांब वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला पडलाय, खडक फोडणारा माणूस अजून मिळालेला नाही. काम दहा, कातळावर खांब. आजवर कोण: भागूबाई. कोण करणार: मी. पुढे तारखेची जागा अजून कोरी आहे, आणि मृगाला फार दिवस नाहीत.