आईचं डोंगरातलं काम

विमानात बसायच्या आधी, हैदराबादच्या विमानतळावरच आई मला म्हणाली, "तिथं डोंगरात माझं एक काम हाय. तू मधी पडू नको." झालं! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. नांदेडात कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलला जायचं तरी मला सोबत घेणारी बाई, आणि हिचं व्हिएतनामच्या डोंगरात कसलं काम?

कसलं ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या शेजारी एक रिटायर्ड नर्सबाई राहतात, त्या आधी ही सहल करून आल्या होत्या. अंगणात बसून त्या आईला सांगत होत्या, की तिथल्या विहारात मेलेल्या माणसांचे फोटो मांडलेले असतात, घरचे लोक त्यांच्यापुढं खाऊ ठेवतात आणि भिक्खुणी त्यांच्या नावानं पाठ म्हणतात. आई हातातला चहा गार होईस्तोवर ऐकत बसली. माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं सहलीचा हट्ट धरला.

आता आमचं घर कसलं, ते सांगतो. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी तरुणपणी घरातले सगळे देव टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि भर दिवसा, गाव बघत असताना, मन्याड नदीच्या पाण्यात सोडून आले. त्या दिवसापासून आमच्याकडं नैवेद्य नाही, पित्तर नाही, श्राद्ध नाही. मी जन्मभर मास्तरकी केली आणि ही गोष्ट वर्गावर्गात छाती फुगवून सांगितली. आणि आता त्याच माणसाच्या बायकोनं परमुलखात जाऊन त्याचंच श्राद्ध घालायचं? तेही नांदेड-लातूरच्या आमच्याच बौद्ध समाजाच्या माणसांसमोर? मी ठरवलं, आईला नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि हे काम काही होऊ द्यायचं नाही.

दा लाट हे गाव उंच डोंगरावर आहे. पाइनची झाडं, गारठा, कॉफीचे मळे, प्लॅस्टिकच्या छपराखाली फुलांची शेती. बाकीची मंडळी "काय हवा हाय, काय हवा हाय" करत फोटो काढून राहिली होती. मला मात्र तिथलं काहीच सरळ वाटेना. पहिल्याच विहाराच्या दारात पोट सुटलेला, खदाखदा हसणारा एक बुवा बसवलेला. मी गाइड मुलीला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, बुद्ध. म्हटलं, बाई, आम्हाला शिकवू नकोस. आमच्या घरात बुद्ध आहेत, त्यांना असं पोट नाही. आत गेलो तर एक बाई गुडघ्यावर बसून बांबूच्या नळ्यातल्या काड्या खुळखुळवत होती. एक काडी खाली पडली की त्यावरून नशीब कळतं म्हणे. आता घ्या! आम्ही माहूरच्या पायऱ्या सोडून इथवर आलो, तर इथंही तेच.

त्या गाइड मुलीचाही मला संशय होता. पोरगी हसरी होती, आणि फार हसणाऱ्या माणसाचा मला आधीपासून भरवसा नाही. ती फोनमध्ये आपल्या भाषेत बोलायची आणि फोन मराठी बोलायचा. आई त्या फोनला तोंड लावून आपल्या कंधारी बोलीत काहीतरी सांगायची, फोन गडबडायचा, मग दोघी हातवारे करायच्या. मी जवळ गेलो की आई गप्प. मी विचारलं, "काय चाललंय तुमचं?" तर म्हणाली, "भाजीचं विचारून राहिले." भाजीचं! मी काय कुकुलं बाळ आहे? ही पोरगी भोळ्या म्हातारीला हेरून काहीतरी विधी गळ्यात मारतेय, कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी आमच्या सहलीतल्या लातूरच्या इंजिनियरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शाळेत नाहीत आता. सहल करा की जरा."

दुपारी आम्हाला तिथल्या डोंगरी लोकांच्या पाड्यावर नेलं. उंच खांबांवरची लाकडी घरं, पितळी थाळ्यांसारख्या घंटा वाजवत नाचणारे बाप्ये, मध्ये एक मोठा रांजण आणि त्यात लांब नळ्या. सगळ्यांनी नळीनं ओढून प्यायचं, पाहुण्याचा मान म्हणून. इंजिनियरसाहेबांनी तोंड लावलं आणि काही सोडीनात. मी म्हटलं, "साहेब, पंचशीलातलं पाचवं काय?" तर म्हणतात, "दारू न्हाई हो, तांदळाचं पाणी हाय." मला त्या नाचाचाही संशय आलाच, कारण घरामागं दोरीवर जीन्सच्या पँटी वाळत होत्या. आमच्यासाठी तेवढ्यापुरते जुने कपडे अंगावर चढवले असणार. आई मात्र एका म्हाताऱ्या विणणाऱ्या बाईशेजारी मांडी घालून बसली होती. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी बोलून राहिल्या होत्या.

तिथंच मला तिच्या पिशवीत स्टीलचा डबा दिसला. ती विणकाम बघत होती तेवढ्यात मी झाकण उघडलं. आत गुळाचे लाडू. म्हणजे नांदेडहून करून आणलेले, माझ्यापासून लपवून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, वडिलांना तर साखरेचा आजार, शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी गुळाकडं बघितलंसुद्धा नव्हतं. पण मेल्यावर शुगर कोण तपासतो म्हणा. मी झाकण परत लावलं. म्हटलं, रंगेहाथ धरू.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या मोठ्या विहारात गेलो. सगळे मूर्तीसमोर बसले, इंजिनियरसाहेबांनी त्रिसरण सुरू केलं. मीही हात जोडले आणि डोळे मिटले. तेवढीच काय ती चूक. उघडून बघतो तर आई नाही, गाइडपण नाही.

मी अनवाणीच धावलो. मागच्या अंगाला एक लांब खोली होती. भिंतभर फोटोच फोटो. म्हातारे, तरणे, फौजी टोपीतले, लग्नाच्या कपड्यातले. प्रत्येकापुढं काहीतरी ठेवलेलं, केळी, बिस्किटाचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, एकापुढं तर सिगारेट. कडेला एक म्हातारी भिक्खुणी बसलेली, गाइड हात बांधून उभी. आणि आई, कोपऱ्यात, गुडघे मोडून बसलेली. तिच्यापुढं फोटो नव्हता. मोकळी जागा होती आणि त्या जागेत एक लाडू ठेवलेला.

"आई!" मी ओरडलोच. "ऊठ! लाज वाटत नाही? माझ्या बापानं जन्मभर पाळलेला शब्द त्याच्याच नावानं मोडतेस?"

आईनं मागं वळून बघितलं. एवढी शांत मी तिला कधी बघितली नव्हती.

"तुझ्या बापाचं न्हाई रे हे," ती म्हणाली. "तुझ्या बापाला मी पोटभर रडले. भन्तेजी आले, वंदना झाली, सगळं गाव जेवलं. त्याचं काय राहिलं न्हाई. हे तुझ्या बहिणीचं हाय."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मी एकुलता एक. मला बहीण कुठली?

"तुझ्या आधीची," ती म्हणाली. "चालाय लागली होती. गूळ मागायची सारखी. ज्या साली तुझ्या बापानं देव बुडीवले, त्याच साली ताप आला अन् गेली. तू माझ्या पोटात होतास. सगळं गाव दारात येऊन बसलं. रडायला न्हाई, बघायला. म्हणून राहिले, माहूरच्या देवीनं उचललं, देव बुडीवल्याचं फळ मिळालं. तुझा बाप आत आला अन् मला म्हणला, रडू नको. तू रडलीस की ते म्हणतेल, देवी जिंकली. मग कुणी आपल्या मागं येणार न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? न्हाई रडले. भाईर येऊन त्या बायांना पाणी दिलं. तुझ्या बापानंबी मरेस्तोवर तिचं नाव काढलं न्हाई. त्याचंबी काळीज फाटलं असंल, पण शब्द म्हंजे शब्द. त्याचं चुकलं म्हणत न्हाई मी. तो जर त्या दिशी हरला असता तर तू मास्तर न्हाई, पोतराज झाला असतास." तिनं लाडू जरा सरळ ठेवला. "मी देवबिव काही करून राहिले न्हाई. ती येऊन खाणार हाय का? मला कळत न्हाई व्हय? पर इथं मला वळखणारं कुणी न्हाई. इथं रडले तर देवीचा कोप कुणी म्हणणार न्हाई. एवढंच काम होतं."

गाइड मुलगी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती. मी आईच्या शेजारी बसायला वाकलो, तर तिनं हातानं थांबवलं.

"तू भाईर उभा ऱ्हा. आपली माणसं हिकडं येतील. त्यांना आत येऊ देऊ नको."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. मग आतून रडण्याचा आवाज आला. आईचा असेल असं वाटेना, एखाद्या तरण्या बाईचा वाटला. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

वंदना संपवून इंजिनियरसाहेब आणि चार-सहा जण तळ्याच्या बाजूनं आलेच. आवाज ऐकून साहेब थबकले. "गुरुजी, आईच रडून राहिल्यात ना? काय झालं?"

मला काहीही सांगता आलं असतं. पाय मुरगळला, वडिलांची आठवण आली, डोंगराची हवा बाधली. त्या सगळ्यांच्या तोंडाकडं मी बघितलं.

"माझी बहीण वारली," मी म्हणालो.