दर महिन्याला कशाला यायचं?

दोन हजार सालच्या सुमारास मी राजापूरजवळच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. औषधवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत नसे आणि रत्नागिरीचे डॉक्टर एका वेळी महिन्याच्याच गोळ्या लिहून देत. म्हणजे दर महिन्याला मी रजा टाकायची, आईला घेऊन सकाळची एसटी धरायची, दवाखान्यात ताटकळायचं. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून दाब बघत, "छान आहे" म्हणत आणि तीच चिठ्ठी परत लिहीत.

एका खेपेला लांजा मागे पडल्यावर आई एकदम म्हणाली, "आज मी विचारणार आहे गो डॉक्टरांना."

"काय?"

"दाब चांगला आहे, तर दर महिन्याला कशाला यायचं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरांपुढे ही कधी मान वर करत नसे. रत्नागिरी येईपर्यंत तिने तो प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिला. मधेच म्हणाली, "रागावतील काय?" आणि मग स्वतःच, "रागावले तर रागावले."

आत गेल्यावर डॉक्टरांनी पेन उचललं आणि आईने विचारून टाकलं. घाईघाईत, सगळं एका दमात.

डॉक्टर थांबले. मागचे कागद चाळत म्हणाले, "मावशी, सुरुवातीला तुमचा दाब स्थिर नव्हता, म्हणून मी दर महिन्याला बोलावत होतो. पुढे तेच चालू राहिलं. आता तीन महिन्यांनी आलात तरी चालेल."

"आणि गोळ्या?"

"तीन महिन्यांच्या लिहून देतो. पण दर महिन्याला गावच्या आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यायचा. चक्कर आली, पाय सुजले, तर लगेच यायचं."

आईला आता चांगलाच धीर आला होता. "मग एखादी गोळी कमी नाही होणार?"

"ती नाही होणार. बरं वाटतं ते गोळ्यांमुळेच. मनाने बंद करू नका."

"नाही करत," आई म्हणाली. उत्तर नकाराचं होतं, तरी तिचा चेहरा फुलला होता.

बाहेर आल्यावर तिला घरी जायची घाईच उरली नाही. इतक्या खेपा झाल्या, पण परतीच्या गाडीच्या धास्तीने रत्नागिरीचा समुद्र आम्ही कधी पाहिला नव्हता. आम्ही रिक्षा करून मांडवीला गेलो. चपला हातात घेऊन आई पाण्याच्या कडेने चालत राहिली आणि डॉक्टर काय म्हणाले, ते मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली, जसं काही मी तिथे नव्हतेच.

संध्याकाळच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंच्या हातात औषधांची पिशवी होती. आईने त्यांना विचारलं, "तुम्हाला किती दिवसांनी बोलावतात?"

बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी."

"का, ते डॉक्टरांना कधी विचारलंत?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. आई त्यांच्याकडे सरकून बसली. "विचारा. ते नीट सांगतात."