मावशीची टाच

माझी मावशी दुकानांच्या पाट्या रंगवायची. डाव्या हातात रंगाचा डबा घेऊन शिडीवर उभी राहायची आणि ब्रशच्या एका ओढीत अक्षराची काठी अशी सरळ उतरवायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. एकदा औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडी सरकली आणि ती दहा फुटांवरून उभीच्या उभी खाली आली. सगळा भार उजव्या टाचेवर. हाडाचा चुरा झाला.

तेव्हा नुसतं प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण वेडंवाकडं. टाच बसकी आणि रुंद झाली, बाहेरच्या अंगाला टेंगूळ आलं, बुटात पाय जाईना. घरातल्या फरशीवर निभायचं. उंचसखल रस्ता आला की तिचा जीव मेटाकुटीला यायचा. पाच वर्षं ती टेबलाशी बसून छोट्या पाट्या करत राहिली. कुणी चौकशी केली तर म्हणायची, "हाडही माझ्यासारखंच हट्टी निघालं."

शेवटी काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिच्या मागे लकडा लावून तिला एका हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टरबाईंनी संगणकाच्या पडद्यावर टाचेचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. मावशी बराच वेळ बघत राहिली.

"वाढलेलं हाड तासायचं," बाई म्हणाल्या. "टाचेच्या वरचा सांधा झिजलाय, तो उघडायचा. तुमच्या कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्यात पाचरीसारखा बसवायचा, म्हणजे टाचेची गेलेली उंची परत येईल. मग स्क्रूंनी आवळायचं. पुढे सगळं मिळून एकच हाड होतं."

"कमरेचं हाड टाचेत?"

"हो. तुमचंच तर आहे."

"पण त्याला कळेल का, आपण आता टाच आहोत ते?"

काका हसले. बाई हसल्या नाहीत. "बहुतेकदा कळतं. कधीकधी नाही जुळत, तेही सांगून ठेवते. पण जुळतं तेव्हा, इतकी वर्षं हे काम करूनही मी बघत राहते."

पाऊल वर-खाली होईल, आजूबाजूला कलणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाली, "कललेलं पुष्कळ झालं."

ऑपरेशनला कमरेखालचा भाग बधिर केला होता, मावशी जागी होती. पडद्याआड छिन्नीवर हातोडी पडत होती, मध्येच ड्रिल फिरत होतं. सुतारखान्यात आडवं झाल्यासारखं वाटलं, असं ती नंतर म्हणाली. ठोके तिच्याच हाडावर पडत होते आणि दुखत काहीच नव्हतं. भीती वाटायची ती राहूनच गेली. ती नुसती ऐकत होती.

मग दहा आठवडे पाऊल जमिनीला लावायचं नव्हतं. काका तिला कुबड्यांवर चालवायचे आणि स्वतःच जास्त दमायचे.

दहा आठवड्यांनी नवा एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडासमोर धरला. "सांगा बरं, कमरेचं कुठं संपतं आणि टाचेचं कुठं सुरू होतं?"

मावशीची नजर म्हणजे केसाएवढी रेघ हुकली तरी टिपणारी. तिनं चष्मा पुसला, जवळ गेली, पुन्हा मागे आली. दोन स्क्रू स्वच्छ दिसत होते. मधली रेघ तिला सापडेना.

"नाहीच आहे," ती हळूच म्हणाली. "हे कुणी बुजवलं?"

"मी जोडून दिलं," बाई म्हणाल्या. "बुजवलं तुम्हीच. झोपेत, जेवताना, घरच्यांशी भांडताना."

मावशी खुर्चीत बसली आणि उजवी टाच हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली.

आता ती रस्त्यानं काठीशिवाय चालते. थंडीत टाच ठणकते, उतारावर पाऊल ताठ पडतं. पाटी मोठी असली तर ती भक्कम परांची बांधून घेते, आधी काकांना तिच्या फळ्यांवर नाचायला लावते आणि मगच चढते.