अळीने खाल्लेला, तरीही पांढराशुभ्र कापूस

मित्रहो, आज दुपारी वरवट बकालच्या आमच्या चित्रपट मंडळात मी माझ्या लाडक्या अमेरिकी दिग्दर्शकाचा चित्रपट दाखवला. हा दिग्दर्शक म्हणजे वास्तववादाचा आदर्श, असे मी वर्षानुवर्षे सर्वांना समजावत आलो आहे.

कथा कापूस पिकवणाऱ्याची. बोंडअळीने पीक संपते आणि नायक मावळतीच्या उजेडात शेतात उभा राहून रडतो. तिथे चित्र थांबवून मी प्रकाशयोजना उलगडू लागलो.

दरवर्षी कापूस वेचणीला जाणाऱ्या कांताबाई मागून म्हणाल्या, "मास्तर, याचं पीक अळीनं खाल्लं न? मंग बोंडं एवढी पांढरी काऊन?"

कापसाचे व्यापारी रशीदभाई म्हणाले, "अमेरिकेची अळी हाये बाई, खाऊन धुऊन ठेवते."

सगळे हसले. मी पडद्याकडे पाहिले. अळी लागलेले बोंड नीट उमलत नाही. आतला कापूस पिवळट आणि चिकटलेला निघतो. त्याला आपण कवडी म्हणतो. बोंडअळीला रोखणारे म्हणून बीटी बियाणे लावूनही ही कवडी यंदा आपल्या शेताशेतांत आहे. पडद्यावर एकही कवडी नव्हती.

मला शिसारी आली. या दिग्दर्शकाला नासलेले पीक नकोच होते. त्याला फक्त सुंदर रडणारा माणूस हवा होता. जुन्या कृष्णधवल अमेरिकी चित्रपटांत निदान नखांतली माती दिसायची.

"किती खेपा पाह्यला हा पिक्चर?" कांताबाईंनी विचारले.

"नऊ."

"अन् कापसाकडे एक खेप बी नाही पाह्यलं."

हा प्रसंग मी यापुढेही शिकवीन, पण खोटेपणाचा नमुना म्हणून. तुमच्या कामाचे असे धुतलेले चित्र तुम्ही कोणत्या पडद्यावर पाहिले, आणि टाळ्या वाजवल्या?