देवघरातली बाटली

माझी धाकटी जाऊ कनका वाईट बाई नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या आमच्या नातलगांनी तिच्या नावाला जे काळं फासलं, ते अजून पुरतं निघालेलं नाही. जिनं नातं धड निभावलं नाही तीही मान हलवत सांगते, व्यसनी होती बिचारी. त्या 'बिचारी'चा मला जास्त राग येतो.

मी साताऱ्याची. लग्न होऊन मद्रासला, तंजावरी मराठी घरात येऊन पडले. त्यांचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून त्यांना. भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं तमिळ मला कनकानं शिकवलं, उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाचं कोलम काढायला शिकवलं, आणि मी चुकले की खुदकन हसून स्वतःच पुसून पुन्हा काढून दाखवायची. भारी हौशी पोर. मोगऱ्याचा गजरा घेतला की आधी डोळे मिटून वास घेणार, मग माळणार. सकाळची कॉफी पिताना तिच्याशी बोललेलं तिला खपायचं नाही. "अक्का, थोडं थांब की," म्हणायची, "हे संपू दे."

मीनाक्षीच्या वेळी तिचं बाळंतपण फार अवघड गेलं. पोटात कळा राहिल्या त्या राहिल्याच. त्यातच सासूबाईंना अर्धांगवायू झाला. सोवळ्यातला स्वयंपाक, सासूबाईंचं उठवणं-बसवणं, तान्ही पोर, सगळं तिच्यावर, कारण माझं साताऱ्याकडचं सोवळं सासूबाईंना चालत नसे. डॉक्टरांनी पोटासाठी एक तपकिरी मिक्स्चर दिलं. त्यात अफूचा अंश होता, पण हे आम्हाला कोण सांगणार? दोन चमचे घेतले की तिच्या कळा थांबत आणि डोक्यावरचं ओझंही उतरल्यासारखं होई. सासूबाई सगळ्यांना सांगत, औषधानं सून कशी टवटवीत झाली बघा.

आमच्या घरात बाहेरचं पाणी चालत नसे, बाहेरची कॉफी तर नाहीच. एकादशीला सगळे कोरडे उपाशी, पाण्याचा थेंबही नाही. पण औषधाला सोवळं नाही, असा नियम. एकादशीलाही कनका ते मिक्स्चर घेई आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. कनकाचे यजमान, व्यासराज भावजी, बँकेत हेडक्लार्क, मोठे शिस्तीचे. आपल्या राज्यात दारूबंदी आहे याचा त्यांना केवढा अभिमान. व्यसन म्हणजे दारू, आणि ती तर आपल्या गल्लीतही येत नाही, असं ते म्हणत.

दोनाचे चार चमचे झाले, मग मोजणं संपलं. सासूबाई गेल्या, काम निम्म्यावर आलं, पोटाच्या कळाही राहिल्या नव्हत्या. तरी औषध सुटेना. आणि मला त्याहून वेगळंच काही खुपायला लागलं. कनका कॉफी पिताना बोलायला लागली होती. गजरा वास न घेता माळायची, कधी तसाच पाटावर विसरायची. मरीनाच्या किनाऱ्यावर जाऊ म्हटलं तर म्हणायची, वाळूत काय बघायचंय. सगळ्या गोष्टींतला रसच आटला होता. जीव घुटमळायचा तो फक्त त्या बाटलीपाशी, आणि गंमत म्हणजे ती घेऊनही तिला आता पहिल्यासारखं बरं वाटत नसे. "आवडत नाही ग अक्का," ती एकदा म्हणाली, "पण हवं असतं."

मग ती दुपार. मीना पाच-सहा वर्षांची, तापातून उठलेली. औषध संपलं म्हणून कनका पोरीला झोपवून औषधवाल्याकडे गेली. पोर जागी झाली, आईला शोधत निघाली ती थेट देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर. फुलवालीनं हाताला धरून घरी आणली. त्या दिवशी घरात सगळं उघडं पडलं. तांदळाच्या पिंपामागे रिकाम्या बाटल्या निघाल्या. भावजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांची थोरली बहीण चंद्रिका तंजावरला असे, तिला मूलबाळ नव्हतं. मीनाला त्यांनी तिच्याकडे पोचवलं आणि कनकाला सरकारी इस्पितळात नेलं.

ती तिथून सुटून आली तेव्हा हाडं वर आली होती, पण औषध सुटलं होतं. भावजींनी तिला देवापुढे बसवलं. रामनवमीचा दिवस होता. पुढच्या रामनवमीपर्यंत हात लावला नाहीस तर मीना परत येईल, म्हणाले. तिनं शपथ घेतली. आणि मग या शहाण्या माणसानं काय करावं? लाखेची मोहोर लावलेली, भरलेली एक बाटली आणून देवघरात, मूर्तींच्या शेजारी ठेवली. साक्षीला.

मी म्हटलं, "भावजी, ती आधी गटारात ओता."

"वहिनी, मग ते व्रत कसलं?" ते म्हणाले. "समोर असून शिवली नाही, तरच मन जिंकलं म्हणायचं. आणि देवाजवळ आहे ती. कनका तिथलं काही उष्टवेल का?"

माणूस दुष्ट नव्हता हो. उपास आम्ही असेच करतो ना, भरल्या घरात, चुलीवर अन्न शिजत असताना. त्यांना वाटलं, हेही तसंच. पण पूजेची भांडी घासायला रोज पहाटे देवघरात जायचं कुणी, तर कनकानंच. बाटली दिसली की जिभेवर चव येते, असं ती मला सांगायची. तरी वर्षभर तिनं ते सोसलं. चिडचिड नाही, रडणं नाही. भांडी घासायची, डोळे खाली ठेवून बाहेर यायची. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच आठवड्यात ती बाटली भिंतीवर फोडली असती.

रामनवमी जवळ आली. चंद्रिका मीनाला घेऊन निघते, असं पत्र आलं. घरात नुसती धांदल. भावजींनी स्वतः जाऊन पोरीसाठी परकर-पोलकं आणलं, आणताना दोनदा रंग बदलून आणला. आदल्या दुपारी मी इडलीचं वाटत होते, तर कनका येऊन शेजारी बसली.

"अक्का, मला काही वाटत नाही."

"कशाचं?"

"मीना येणार त्याचं. सगळे आनंदात आहेत, आणि मी आत बघते तर काहीच नाही. पोर येऊन गळ्यात पडेल आणि मी खांबासारखी उभी. मुलांना कळतं ग ते. तिला वाटेल, आईला मी नकोय."

मी म्हटलं, "समोर आली की वाटेल आपोआप." मला त्याहून जास्त काय ठाऊक होतं? ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एग्मोर स्टेशनवर गाडी लागली. मीना उतरली, बुजली, आत्याच्या लुगड्यामागे लपली. आणि कनकानं दोन्ही हात पसरले. काय हसली होती ती! किती वर्षांनी मी तो चेहरा बघत होते. पोर धावत आली. घोडागाडीत कनकानं तिला मांडीवर घेऊन घरापर्यंत गाणी म्हटली, तिच्या केसांचा वास घेतला, गालाला गाल लावला. भावजी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसत होते. मी मनात म्हटलं, आलं बाई आपोआप.

भावजी पूजेला बसले तेव्हा बाटलीची मोहोर तुटलेली दिसली.

कनकानं लपवलं नाही. "पहाटे घेतलं," ती म्हणाली, "मीनासाठी घेतलं. तिच्यासमोर हसता यावं म्हणून."

भावजींना ते बोलणं कळलंच नाही. शपथ मोडली, तीही देवाच्या पुढ्यात, तीही रामनवमीला, एवढंच त्यांना दिसलं. संध्याकाळच्या गाडीनं चंद्रिका मीनाला घेऊन परत गेली. नवं परकर-पोलकं पोरीच्या अंगावरच होतं. कनका दारापर्यंत गेली आणि तिथंच खाली बसली.

पुढे ती पुन्हा त्याच औषधात बुडाली. मी तिला सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर कृष्णस्वामींकडे नेलं, आणि भावजींनाही ओढत नेलं. त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, मेंदूत सुख वाटण्याची एक जागा असते. औषध ती जागा इतकी उपसतं की साध्या सुखाचे झरे आटतात. औषध बंद केलं तरी विहीर भरायला वेळ लागतो, कुणाला वर्ष, कुणाला जास्त. त्या काळात माणसाला कशाचाच आनंद होत नाही, हा त्याचा दोष नाही. हवंसं वाटणं मात्र मरत नाही. खूण दिसली की ते उठतं, ताण आला की उठतं.

"तुम्ही खूण रोज तिच्या डोळ्यांपुढे ठेवलीत," ते भावजींना म्हणाले, "आणि ताण शपथेचा दिलात. तरी ती वर्षभर टिकली. अजून थोडे महिने गेले असते तर तिला मुलीचा आनंद कदाचित आपला आपण झाला असता."

भावजी त्याच आठवड्यात तंजावरला गेले, मीनाला आणायला. पण पोर चंद्रिकेला आई म्हणायला लागली होती, ती येईना. ते एकटेच परतले. दोन पावसाळ्यांनी कनका न्यूमोनियानं गेली. तिच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. भावजी त्यानंतर देवघरात बसत, पण मंत्र म्हणताना मी त्यांना ऐकलं नाही.

मीना मॅट्रिक झाली त्या वर्षी सुट्टीत माझ्याकडे राहायला आली. मला ती पेरिअम्मा म्हणते, म्हणजे मोठी आई. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "पेरिअम्मा, आई स्टेशनवर हसली होती ते मला आठवतं. ते माझ्यासाठी होतं, की औषधाचं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. आईला आत काहीच वाटत नव्हतं, आणि ते तुला कळू नये म्हणून ती शपथ मोडून ते प्यायली, हेही सांगितलं. मला वाटलं, पोरीला बरं वाटेल.

मीनानं पुढची शेंग सोलायला घेतली.

"न हसता उभी राहिली असती ना," ती म्हणाली, "तरी मला चाललं असतं."