आधीची

माझ्या सासरी एक बाई आहे. घरातलं कुणीही तिला नावानं ओळखत नाही, सगळे 'आधीची' म्हणतात. मी लग्न होऊन जुन्नरहून घोडेगावला आले, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या पाया पडता पडता तिच्याही पाया पडावं लागलं. आजेसासूबाईंनी पदराआडून गळ्यातला चांदीचा टाक काढून माझ्यापुढे धरला. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर उठवलेली एक उभी बाई. "आदी हिच्या पाया पड, मंग माज्या," त्या म्हणाल्या. मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

आजेसासऱ्यांची ती पहिली बायको. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली, मूलबाळ काही नव्हतं. मग आजेसासूबाई दुसरेपणावर आल्या आणि जुन्या रीतीप्रमाणे पहिलीचा टाक घडवून त्यांच्या गळ्यात घातला. तो त्यांनी जन्मभर उतरवला नाही. नवं लुगडं आलं की आधी तिच्या अंगावरून फिरवायचं, गोडाचा पहिला घास तिचा. मी एकदा आगाऊपणा करून विचारलं होतं, सवतीचं एवढं कशाला करता? त्या हसल्या. "सवत कसली गं? मी म्हातारी झाले, ती आपली पंदरा वर्षांचीच ऱ्हायली. आता ती माज्या नातीवाणी."

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्यामागे नव्हे तर नवऱ्यादेखत गेलेल्या बायकांची ती तिथी, तिचं ताट वाढलं जायचं. पहिल्या वर्षी मला ते ताट उलटं वाढलेलं दिसलं. भाजी डावीकडे, चटणी-कोशिंबीर उजवीकडे. नवी सून म्हणून माझा हुरूप मोठा, मी गुपचूप सगळं जागच्या जागी केलं. आजेसासूबाईंनी ते पुन्हा उलटं केलं. मग म्हणाल्या, "ती डावरी व्हती." एवढंच. त्या गेल्यावर टाक देव्हाऱ्यात आला, सासूबाईंमागे पूजा माझ्याकडे आली, आणि ताट मी तसंच वाढत राहिले.

दुपारी धान्य निवडताना माझा डोळा लागला की ती दिसायची. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय. स्वप्नात तिथल्या उंबऱ्यावर ती बसलेली असायची, डोक्यावर हिरवं पाणी हलत असायचं आणि ती डाव्या हातानं केस मागे सारायची. चेहरा मात्र नसायचा, कारण टाकावरचा चेहरा आजेसासूबाईंच्या अंगावर घासून घासून केव्हाच सपाट झाला होता. मला त्या स्वप्नाची कधी भीती वाटली नाही. उलट जाग आली की चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्या दिरांनी मध्यंतरी घराण्याची वंशावळ करून घेतली, चांगली भिंतभर. वरपासून खालपर्यंत पुरुषच पुरुष. मी म्हटलं, अहो, ही सगळी माणसं काय झाडाला लागली होती का? नवरा म्हणाला, वंशावळ अशीच असते. माझं डोकंच फिरलं. त्याच आठवड्यात मी माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही तालुक्यांतल्या वंश शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरले.

तिथे एकेक माणूस भारी. घोडेगावचे एक कापड दुकानदार, त्यांचे पणजोबा मारवाडातून आलेले. त्यांना मागच्या कितीतरी पिढ्या पाठ, पण पणजी कुठली ते माहीत नाही. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बौद्ध घरातले. ते म्हणायचे, "आमचं मागलं कुनी लिवलंच न्हाई ताई. चुलत्याच्या तोंडी व्हतं, ते मी बशीत बसल्या बसल्या त्याच्याकडनं पाठ करून घेतलं." दुकान बंद असेल त्या दिवशी मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही एकमेकांची माणसं शोधत असू. कुणाचा खापरपणजोबा सापडला की दुकानदार चहा मागवायचे. कुणाचा हरवला तरी मागवायचेच. गटाचा एकच दंडक होता, कंडक्टरांनी घातलेला: दुसऱ्याच्या माणसाबद्दल जे माहीत असेल ते सगळं द्यायचं, राखून काही ठेवायचं नाही.

गेल्या पितृपक्षात ज्यानं त्यानं आपापल्या घरी कुणाचं पान वाढलं ते गटावर टाकायला सुरुवात केली. नवमीला मीही आधीचीच्या ताटाचा फोटो टाकला. दुकानदारांनी लगेच चिमटा काढला, "वहिनी, इतकी वर्षं संसार केला आणि ताट उलटं?" मी लिहिलं, उलटं नाही, ती डावरी होती. आणि जेवायला बसले.

हात धुते न धुते तोच फोन वाजला. अवसरी बुद्रुकची एक मुलगी, मंचरला लॅबमध्ये काम करते. गटात होती, पण कधी बोललेली नव्हती. "काकू, माझ्या आजोबांची मोठी बहीण डावरी होती. डोंगराच्या अंगाला दिली होती, धरणात गेलेल्या गावात. लवकर वारली आणि मग दोन्ही घरांचं येणं-जाणंच तुटलं. गाव कुठलं, ते आजोबांना आठवत नाही. लहान होते ते." मग म्हणाली, "आजोबा नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांना दुसरं काही नको. आपली बहीण कुठे गेली, एवढंच त्यांना बघायचंय."

बोलता बोलता सगळं जुळत गेलं. नदी जुळली, लग्नातला मानपानाचा रुसवा जुळला, पौषातला ताप जुळला. तिनं मला आधीचीचं माहेरचं नावही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. आमच्या घरानं ते कधी घेतलं नाही, आता मी मिरवावं असं नाही. पण फोन ठेवल्यावर मी देव्हाऱ्यापुढे बसून ते हळूच उच्चारून पाहिलं आणि मला रडू आलं.

ठरलं असं की दिवाळीच्या पाडव्याला आजोबांनी टाक बघायला यायचं. इथेच मी अडले, कारण एक गोष्ट मी गटावर टाकली नव्हती. दिवाळीत आजेसासूबाई तिला पदराआड ठेवत नसत. गळ्यातून फक्त त्या चार दिवसांपुरता टाक दोऱ्यासकट पुढे काढून, रस्त्याकडच्या खिडकीत बसून राहत. "तिला मुराळी यायचा ऱ्हायलाय," म्हणायच्या. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, बहुतेक भाऊच. पहिल्या दिवाळीला ती पोर गाठोडं बांधून खिडकीत बसली होती आणि कुणी आलं नाही. हे आजेसासूबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. त्यांच्यामागे मीही दिवाळीत टाक खिडकीत ठेवत आले.

नव्वदीच्या माणसाला हे सांगायचं? मी दुकानाच्या मागच्या खोलीत विचारलं. दुकानदार म्हणाले, "नको वहिनी. भेट घालून द्या, बास. म्हातारपणी कशाला घाव?" कंडक्टर नाराज झाले. "दंडक मंजी दंडक. त्याची भैन हाय, त्याचं दुक्कबी त्याचंच हाय. आपन कोन राखून ठिवनारे?" दोघांचं पटण्यासारखं होतं, म्हणून मी दोघांवरही चिडले आणि चहा न घेता घरी आले. मनाशी ठरवलं, पाडव्याला ते यायच्या आत टाक देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचा. विचारलं तर बघू.

पण म्हातारी माणसं वेळेआधीच येतात. मी करंज्यांचं तेल उतरवत होते तेव्हा गाडी थांबल्याचा आवाज आला. बाहेर आले तर नात गाडीचं दार धरून उभी आणि आजोबा खिडकीसमोर. पांढरं धोतर, नवी कोरी टोपी, हातात काठी. ते खिडकीतल्या टाकाकडे बघत होते.

"पोरी, हिला हितं का ठिवली?"

मला थाप मारता आली असती. चांदीला ऊन देतोय, काहीही. पण त्या तोंडाकडे बघून जीभ रेटेना. "वाट बघते ती दिवाळीत," मी म्हटलं.

"कुनाची?"

"मुराळ्याची."

नातीनं माझ्याकडे रागानं पाहिलं, आणि तिचा राग बरोबर होता. मला वाटलं, मेले, हे काय करून बसले मी. मग आजोबा हळूहळू खिडकीशी गेले आणि गजावर हात ठेवून आत बघत म्हणाले, "त्यो मीच."

ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. बोलत होते माझ्याशी, बघत होते टाकाकडे. "गाडी जुपली व्हती. मला नवी टोपी शिवली व्हती, मी चुलत्याच्या जवळ म्होरं बसल्यालो. आन बा घरातनं आला. म्हनला, लगनात माजा मान ठेवला न्हाई, त्येंनीच लेक आणून घालावी. बैल सोडले त्यानं. मी लई रडलो, गाडीतनं उतरंना. आईनं उचलून न्हेला." त्यांनी टोपी सारखी केली. "मला वाटायचं, तिला कुनी सांगितलंच नसंल, आमी येनार व्हतो म्हून. म्हंजी तिनं वाट बगितली नसंल. असं म्हनून म्हनून मी एवडं आयुष्य काडलं."

मी तिथेच ओट्यावर टेकले. आमच्या घराचंही काही कमी नव्हतं. माहेरचं मूळ, म्हणजे न्यायला बोलावणं, आल्याशिवाय सून पाठवायची नाही, असं आमचेही अडून बसले होते. ते मी त्यांना सांगितलं, काही राखलं नाही. दोन घरांतले दोन मिशाळ बापे आणि मधे गाठोडं बांधून बसलेली पोर. मला त्या भिंतभर वंशावळीतल्या सगळ्यांचाच राग आला.

मी टाक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं तो चाचपला. नाक नाही, डोळे नाहीत, सगळं गुळगुळीत. "अशीच व्हती," ते म्हणाले.

नंतर त्यांनी घसा खाकरला आणि जरा सावरून बसले, अगदी सोयऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे. "पोरी, मी मूळ घिऊन आलोय. चार दिस हिला माहेरी न्हेतो. भाऊबीज करतो. मंग मीच आणून सोडतो. धाडतीस का?"

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'नाही'. इतकी वर्षं मी तिला न्हाऊमाखू घातलं, दुपारच्या डुलकीत ती मला दिसली. ती आमची होती. परत नाही आणली तर? पण मग मला माझं जुन्नर आठवलं. आई-वडील गेल्यापासून मला न्यायला कुणी येत नाही, भाऊ फोनवर शुभेच्छा देतो, आणि मी दर दिवाळीला त्याच्यावर रुसते. मी आत गेले, खण काढला, तांदूळ काढले, नारळ काढला. बाईची भरतात तशी टाकाची ओटी भरली. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "तूही जा तिच्यासोबत. सोडून ये." आमच्या ह्यांच्याकडून इतकं शहाणं वाक्य क्वचित येतं.

मी मागच्या सीटवर आजोबांशेजारी बसले. त्यांनी मूठ उघडी ठेवली होती आणि टाक काचेकडे धरला होता. सारी वाट ते तिच्याशी बोलत होते. "हा डांबरी रस्ता, तुज्या टायमाला न्हवता. ह्यो बग ऊस, आता ह्यात बिबट्या ऱ्हातो, बाया एकट्यादुकट्या जात न्हाईत. हे मंचर, वळखायचं न्हाईस तू. आता हमरस्ता वलांडला की आपलंच." ऊन तिरपं झालं होतं आणि कांद्याच्या वाफ्यांत पाणी चमकत होतं. नात पुढे बसून डोळे पुसत होती. मला राहून राहून वाटत होतं की आम्ही गाडीत आहोत त्यापेक्षा एक माणूस जास्त आहे, आणि ते कुणालाच वावगं वाटत नाहीये.

अवसरीत गाडी दारात थांबली. आजोबा कुणाचा हात न धरता उतरले, काठीही गाडीतच राहिली. अंगणात उभे राहिले आणि घराकडे तोंड करून, कुणी कधी ऐकला नसेल अशा उंच आवाजात त्यांनी हाक मारली, "आये, आक्का आली गं!"

घरात त्यांच्याहून वडील असं कुणी उरलेलं नव्हतं. नात जागीच थबकली. मग त्यांची सून, स्वतः साठीला टेकलेली, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, सासऱ्यांकडेही नाही.

"तितंच थांबा आत्याबाई," ती म्हणाली, "ओवाळते, मंग आत या."

तिनं भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला, आणि पायांवर घालायचं पाणी आजोबांच्या तळहातावर, टाकावर ओतलं.