विषयाच्या रकान्यात ब्रिजेट

मरोळ गावठाणातली ब्रिजेट परेरा मुळातच फाटक्या तोंडाची. अंधेरीच्या वाचनालयात काउंटरवर बसून तिनं उमेदीची वर्षं काढली, आणि कुणी "हे पुस्तक कसंय?" विचारलं की खरं सांगून मोकळी व्हायची. "नेऊ नका. डोकं उठतं." सभासदांना त्याची सवय होती. त्रास कमिटीला होता.

मग वाचनालयात सॉफ्टवेअर आलं. एकदा पुस्तकांची नोंद झाली की सभासदांना ती घरबसल्या फोनवर शोधता येणार होती. पण नाव-लेखक टाकलं की ते 'विषय' मागायचं, आणि तो रकाना रिकामा ठेवला तर पुढे हलायचंच नाही.

"विषयात काय टाकू?" तिनं अध्यक्ष जयवंत सामंतांना विचारलं.

"पुस्तकात जे असेल ते," सामंत चहा ढवळत म्हणाले.

ब्रिजेटनं तेच केलं. 'सासू छळते, शेवटी मरते.' 'हिरो बिनडोक.' 'प्रवासात नुसतं खाल्लंय.'

लोक फोनवर 'बिनडोक' शोधायला लागले. धूळ खात पडलेली पुस्तकं घरोघर फिरू लागली. सॉफ्टवेअर यशस्वी झालं म्हणून कमिटीनं पेढे वाटले.

एके दुपारी सामंत फोन नाचवत आले. पदरमोड करून छापलेलं त्यांचं आत्मचरित्र 'झोप' या शब्दाखाली सगळ्यांत वर येत होतं.

"ब्रिजेटबाई, हे काय आहे?"

"विषय, साहेब. दोनदा वाचायला घेतलं. दोन्ही वेळा छातीवर पडलं."

"आत्ताच्या आत्ता काढा! माझं देवगडचं बालपण आहे त्यात!"

"तिथंच तर डोळा लागतो."

सामंत लालबुंद झाले. ब्रिजेटलाही जरा वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. 'झोप' पुसायला तिनं नोंद उघडली आणि थबकली. पुस्तकाच्या सगळ्या प्रती बाहेर गेल्या होत्या. वर नंबर लावून बसलेले वेगळेच.

सामंत वाकून स्क्रीन बघत राहिले. "सगळ्या?"

"एक कमलताईंकडे आहे, चकाल्याच्या. गोळीशिवाय झोप नव्हती त्यांना. काल फोन आला, लेखकाला थँक्यू सांगा म्हणाल्या."

सामंत खुर्चीत टेकले. ते पुस्तक त्यांच्या बायकोनंही उघडलं नव्हतं. रागवावं की हरखावं, त्यांना कळेना.

"किती वाचतात?"

"पानभर. पण रोज, नेमानं."

सामंतांनी घसा साफ केला. "राहू दे तसंच. पण... 'देवगड'पण टाका की."

ब्रिजेटनं टाकलं. 'झोप'नंतर, स्वल्पविराम देऊन.